पिनाऱ्याच्या मागावर

नाना माझ्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा आले ते नमस्कार करायला नाही, चौकशी करायला. चोपडा तालुक्यातल्या त्या आरोग्य केंद्रात मी रुजू होऊन चारच दिवस झाले होते. धुळ्याहून आणलेली बॅगसुद्धा अजून पुरती रिकामी केली नव्हती. दारात एक धिप्पाड माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशी उलटलेली, अंगात खाकी शर्ट, मिशा काळ्याभोर आणि कानात मात्र पांढऱ्या केसांचे झुबके.

"रक्त काढता ते तुम्हीच का, ताई?"

"हो."

"तपासून झालं की उरलेलं कुठं जातं?"

मी सांगितलं, औषधाच्या पाण्यात टाकून नष्ट करतो.

"कोणासमोर?"

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "साक्षीला कोणी पाहिजे ना. वस्तू साधी नाही."

त्या दिवसापासून दुपारी गाडी मोकळी असली की नाना माझ्या खिडकीशी हजर. उरलेल्या रक्तावर पाणी पडताना ते टक लावून बघत, मान हलवत, "झालं" म्हणत आणि निघून जात. मला वाटलं, जुना कर्मचारी आहे, स्वच्छतेचं वेड असेल. आमच्या नर्सबाई हसल्या. म्हणाल्या, "स्वच्छतेचं नाही हो. त्यांना वाटतं, तुम्ही ते पिणाऱ्याला देऊन टाकाल."

नाना आमच्या रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर होते. डोंगराच्या पायथ्याच्या सगळ्या वस्त्यांवरून आजारी माणसं आणायची, बाळंतिणींना चोपड्याला किंवा जळगावला पोचवायचं, हे त्यांचं काम. हे काम ते फार चोख करीत. पण मनातून ते स्वतःला ड्रायव्हर समजत नसत. ड्रायव्हर ते पोटासाठी होते. खरा त्यांचा उद्योग पिनाऱ्याला शोधण्याचा.

पिनारं म्हणजे पिणारं. हा शब्द त्यांचाच. डाकीण, हडळ हे शब्द कोणी काढले की त्यांना राग यायचा. "त्या बायकांना बदनाम करायच्या गोष्टी," असं ते म्हणायचे. त्यांचं म्हणणं असं, की माणसाच्या अंगातलं रक्त आपोआप कमी होत नाही. "रक्त जात नही, ताई, कोनी तरी नेस." जे नेतं त्याला स्वतःचं शरीर नसतं. ते कोणाच्या तरी अंगात घर करतं, मग तो बाप्या असो की बाई, आणि त्या माणसाला स्वतःलाही पत्ता नसतो. दिवसा ते माणूस तुमच्या-आमच्यासारखं शेतात निंदतं, बाजार करतं, हसतं-बोलतं. जवळचं कोणीतरी मात्र पिवळं पडत जातं.

हे सगळं ते इतक्या ठामपणे सांगत, की ऐकणाऱ्याला क्षणभर आपलंच शिक्षण कच्चं राहिल्यासारखं वाटे.

गाडीच्या सीटखाली त्यांची एक कापडी पिशवी असायची. तीत लसणाच्या गड्ड्या, बिब्बे आणि वीतभर लांबीचा एक लोखंडी टोचा. नांगराच्या जुन्या फाळाचा तुकडा लोहाराकडून ठोकून घेतलेला. तो कोणाला टोचला होता असं मी कधी ऐकलं नाही. पण दर अमावस्येला ते त्याला गोडं तेल लावत, आणि डॉक्टरसाहेबांनी एकदा "ही पिशवी घरी ठेवा" म्हटल्यावर नानांनी शांतपणे गाडीची किल्ली टेबलावर ठेवली होती. साहेबांनी ती परत त्यांच्या हातात दिली.

साहेबांचाही इलाज नव्हता, कारण नानांसारखी नजर कोणाचीच नव्हती. वस्तीवर गेले की ते माणसाला आधी उन्हात उभं करायचे. "वर बघ." अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढायची, मग नखं, मग जीभ. आणि गळा मात्र दोन्ही बाजूंनी नीट तपासायचा, दाताची खूण आहे का ते पाहायला. खूण कधी मिळाली नाही. पण त्यांनी आणलेला पेशंट फिकट निघाला नाही असं क्वचितच झालं.

"नाना, हिमोग्लोबिन किती असेल?" साहेब विचारायचे.

"सातच्या आत."

माझ्या यंत्रावर सहा पूर्णांक आठ यायचे.

एकदा जामनेरकडच्या एका गावातून निरोप आला, की तिकडे बकऱ्या मरताहेत आणि मानेवर दोन-दोन छिद्रं आहेत. नानांनी दोन दिवसांची रजा टाकली, पिशवी मोटारसायकलला अडकवली आणि गेले. तिसऱ्या दिवशी कामावर आले.

"काय निघालं?" मी विचारलं.

"कुत्री. तीन भटकी कुत्री. मी स्वतः पाहिली."

मला वाटलं, आता तरी थोडे खजील होतील. मी म्हटलं, "फुकट गेली म्हणायची तुमची रजा."

"फुकट कसाले?" ते म्हणाले. "एक जागा कमी झाली ना शोधायची."

नानांचं सगळं असंच चालायचं. पिनारं सापडलं नाही, म्हणजे ते हुशार आहे. औषधानं पेशंट बरा झाला, म्हणजे पिनारं घाबरून लांब गेलं. बरा नाही झाला, म्हणजे अजून घरातच आहे. त्यांना हरवता येत नसे. मी पुढंपुढं वाद घालणं सोडून दिलं. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागले होते. जेवताना डब्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे ठेवणारा, पेशंटला पायरी चढवत नसेल तर सरळ पाठीवर घेणारा माणूस. त्याच्या डोक्यात एक खूळ आहे तर असू दे, असं मी ठरवून टाकलं होतं.

खूळ निरुपद्रवी नव्हतं, हे मला जळगावहून परत येताना कळलं. मी नमुने पोचवायला त्यांच्याबरोबर गेले होते. दुपारची वेळ, गाडीत आम्ही दोघंच. मी सहज विचारलं, "नाना, एवढ्या वर्षांत एखादं तरी पिनारं सापडलं का?"

"पहिलंच सापडलं होतं," ते म्हणाले. "माझ्या घरासमोर."

त्यांना एक मुलगी होती. ती सारखी आजारी असायची. हातपाय दुखायचे, इतके की ती गडाबडा लोळायची. डोळे पिवळे, अंगात रक्त नाही. नाना आणि त्यांची बायको, आमच्या काकू, शेतावर गेले की समोरच्या घरातली एक विधवा बाई तिच्याजवळ बसायची. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. आक्का तेल कोमट करायची आणि पोरीचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसायची.

"पोर आमच्याजवळ रडायची आणि आक्काजवळ गेली की गप्प," नाना समोरच्या रस्त्यावर नजर ठेवून सांगत होते. "मी विचार केला, ताई. आईबापाजवळ रडणारं पोर परक्याजवळ गप्प का होतं? तर अंगात रडण्यापुरतंही काही उरत नाही म्हणून. बुधवार होता. मारुतीच्या पारावर उभा राहिलो आणि नाव घेतलं."

"मग?"

"गावानं तिला त्याच दिवशी वेशीबाहेर काढलं. दगड मी नाही मारला. लोकांनी मारले. एरंडोलला भाचा आहे तिचा, तिकडे गेली."

"आणि मुलगी?"

"चार महिन्यांनी गेली. नऊ वर्षांची होती." गिअर बदलून ते म्हणाले, "उशीर झाला होता. तोवर पिऊन झालेलं होतं."

त्यांचा आवाज कुठंही कापला नाही. बाकीचा रस्ता मी खिडकीबाहेर बघत बसले.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी आमच्याकडे सिकलसेलच्या तपासणीची मोहीम आली. हा रक्ताचा आजार. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हातपाय असह्य दुखतात. त्या पेशी लवकर मरतात, म्हणून रक्त कमी पडतं. आईबापांकडून मुलांत उतरतो. पाड्यापाड्यावर जाऊन रक्त तपासायचं होतं, आणि लोक सुईला घाबरून पुढे येत नव्हते. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोजून सहा माणसं आली.

नाना सूक्ष्मदर्शकाभोवती घुटमळत होते. मी म्हटलं, "बघायचंय?" एका आजारी बाईच्या रक्ताची काच लावलेली होती. ते वाकले. बराच वेळ डोळा काढला नाही. मग सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा हरवलेला भाऊ स्टेशनवर दिसलेल्या माणसासारखा होता.

"ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "हे त्याचे दात."

"नाही हो नाना. त्या पेशीच आहेत. वाकलेल्या."

"वाकवल्या कोणी?"

मी सांगायला सुरुवात केली. ते ऐकत नव्हते. बाहेर रांग नव्हती, साहेब आकड्यासाठी मागं लागले होते, मी दमले होते. मी म्हटलं, "बरं, तसं समजा हवं तर."

हे वाक्य माझं आहे. नानांबद्दल लिहिताना ते गाळून चालणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून गाडी भरभरून यायला लागली. नानांनी वस्तीवस्तीवर सांगितलं होतं, पिनाऱ्याचे दात दिसतात, यंत्रात दिसतात, मी डोळ्यांनी पाहिले. म्हाताऱ्या आल्या, लेकुरवाळ्या आल्या, कधी दवाखान्याची पायरी न चढलेले गडी आले. आमच्या केंद्राचं जळगावच्या बैठकीत कौतुक झालं. साहेबांनी पेढे वाटले, मीही एक खाल्ला.

मग एके दिवशी नानांच्याच गावातली एक म्हातारी आली. तिचा पाच वर्षांचा नातू तपासणीत आजारी निघाला होता. त्याला कडेवर घेऊन म्हातारीची धाकटी सून मागं उभी होती. मोठी सून, म्हणजे पोराची आई, माहेरी बाळंतपणाला गेलेली. धाकटीचं लग्न होऊन वर्ष झालं होतं, मूल नव्हतं, पोर तिच्याच अंगाखांद्यावर असायचं. म्हातारीनं औषधाची पुडी कमरेला खोचली आणि अंगणात गाडी पुसत असलेल्या नानांपुढे उभी राहिली.

"नाना, दात सापडनात म्हनतस. आते नाव सांगी द्या." दात सापडले म्हणतात, आता नाव सांगून टाका.

नाव विचारताना तिनं वळून धाकट्या सुनेकडं पाहिलं. सुनेनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि जमिनीकडं बघत राहिली. तिला सगळं कळत होतं.

नाना म्हणाले, "सोमवारी. पारावर."

मी खिडकीत उभी होते. सोमवारला पाच दिवस होते.

नानांना विज्ञान सांगून उपयोग नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी त्यांच्याच वाटेनं गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बोलावलं आणि म्हटलं, "नाना, तुम्ही नाव घेणार. पण घेणाऱ्याचं रक्त स्वच्छ आहे, हे गावाला दाखवायला नको का?"

मला फक्त वेळ काढायचा होता. त्यात काय निघेल याची मला कल्पना नव्हती. नाना मात्र खूश झाले. "बरोबर बोललात," म्हणाले, आणि बाही वर करून खुर्चीत बसले. इतकी वर्षं त्यांनी शेकडो लोक आणले होते, स्वतःचा थेंबही कधी दिला नव्हता.

औषध घालून, हवा लागू न देता काच तयार करून ठेवली, अर्ध्या तासानं पाहिली. पुन्हा पाहिली. मग त्यांना बोलावलं. ते वाकून बघायला लागले.

"दात आहेत," ते म्हणाले. "कोणाचं रक्त?"

"तुमचं."

ते वाकलेलेच राहिले. मग नळी हातात घेऊन तिच्यावर लिहिलेला नंबर पाहिला, वहीतला नंबर पाहिला. अशा बाबतीत ते फार काटेकोर होते.

"माले कोन पी राह्यनं?" त्यांनी विचारलं. मला कोण पितंय? "मी आयुष्यात आजारी पडलो नाही."

"कोणीच नाही पीत, नाना."

ते बाहेर गेले. दुपारी मोटारसायकलवर काकूंना घेऊन आले. काकू बारीक चणीच्या, अबोल. त्यांनी हात पुढे केला. त्यांच्याही काचेवर तेच दिसलं.

मग मी दार लावलं आणि पहिल्यांदा सगळं नीट सांगितलं, जे मला मोहिमेच्या पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. प्रत्येक मुलाला रक्ताचा एक वाटा आईकडून येतो, एक बापाकडून. एक वाटा चांगला नि एक वाकडा असला तर माणूस ठणठणीत राहतो, नानांसारखा; काचेवर हवा तोडली तरच त्याच्या पेशी वाकतात. दोन्ही वाकडे आले तर मूल आजारी. देणाऱ्याला माहीतही नसतं.

"म्हणजे पोरीला..."

"एक तुमच्याकडून, एक काकूंकडून."

नाना म्हणाले, "मग आक्का काय करत होती?"

"पाय चोळत होती. ऊब मिळाली की या दुखण्यात बरं वाटतं. पोर गप्प व्हायची, कारण तेवढा वेळ तिचं दुखणं कमी व्हायचं."

काकू तेव्हा बोलल्या. खाली बघूनच. "मी तव्हळच सांगं व्हतं." तेव्हाच सांगितलं होतं. एवढंच. पण नाना बसल्या जागी लहान झाले.

त्यांनी ते लगेच मानलं असं मात्र नाही. पुढचे दोन दिवस ते येऊन एकेक प्रश्न विचारत राहिले. माझ्या भावाची मुलं चांगली कशी? दोन्ही वाटे वाकडे असूनही म्हातारी झालेली माणसं आहेत का? काच चुकीची असू शकते का? मी प्रत्येकाचं उत्तर दिलं, येत नव्हतं तिथं येत नाही म्हटलं. शनिवारी संध्याकाळी ते खिडकीशी आले आणि स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, "आक्काला काढल्यावर पोरीला बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. उलट जास्त झालं. मी म्हटलं, उशीर झाला. कळायला पाहिजे होतं ते तेव्हाच, ताई. मी कळू दिलं नाही."

मग म्हणाले, "उद्या एरंडोलला चला माझ्याबरोबर. मी एकटा गेलो तर तिला वाटेल, अजून कोणाचं नाव घ्यायला आलो."

आम्ही एसटीनं गेलो. नानांनी पिशवी आणली नव्हती. आक्का भाच्याच्या घराच्या ओट्यावर सुपात तुरीची डाळ पाखडत बसली होती. केस पूर्ण पांढरे, कपाळावर भुवईच्या वर एक जुना व्रण. नाना अंगणात थांबले.

"आक्का, वळखं का?"

"वळखं. बठ."

नाना बसले नाहीत. उभ्यानंच बोलले, शाळेत उभं केलेल्या पोरासारखे. "मन्ही पोर तुन्हामुये नही गयी. मन्हं रक्तच तसं व्हतं. आम्हना दोन्हीसनं. ह्या ताईंनी यंत्रात दखाडं." माझी पोर तुझ्यामुळे नाही गेली, आम्हा दोघांचं रक्तच तसं होतं.

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी हो म्हटलं. ती पुन्हा डाळ पाखडायला लागली. मग तिनं विचारलं, "शेवटले लई दुखनं का तिले?"

"हां."

"पाय कोन चोळे?"

"कोनीच नही."

आक्काचे हात थांबले. सूप मांडीवर टेकलं. ती रडली नाही, तिनं शिव्याही दिल्या नाहीत. नाना माफीचा शब्द काढणार तोच तिनं हात वर केला.

"अठे मन्हापान माफी मांगू नको," ती म्हणाली. "अठे मन्हं नाव कोनी लिधं नव्हतं. जठे लिधं, तठे जाईसन सांग." जिथं नाव घेतलं, तिथं जाऊन सांग.

तिनं आम्हाला पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही.

सोमवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर गावात गेले. रुग्णवाहिका पाराशी उभी केली. लोक जमलेलेच होते, नाव ऐकायला. म्हातारी पुढे बसलेली. धाकटी सून नातवाला घेऊन बायकांच्या मागं, भिंतीशी. तिच्या आजूबाजूला हातभर जागा मोकळी होती.

नाना पारावर चढले. मला भीती होती की आयत्या वेळी त्यांची जीभ जुन्या वळणावर जाईल. पण आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता.

"नाव सांगतो म्हटलं होतं, सांगतो," ते म्हणाले. "पिनारं नाही. कधी नव्हतं. माझी पोर माझ्या नि तिच्या आईच्या रक्तानं गेली. हा आजार आहे, तो आईबापांकडून येतो, कोणी पीत नाही. आक्काचं नाव मी इथंच उभं राहून घेतलं होतं. ते खोटं होतं. नाव घ्यायचं तर माझं घ्या."

मग एक म्हातारा उठला. त्याचा आवाज रागानं चढला होता. "तू सांगं म्हनीसन आम्ही दगड उचलात," तो म्हणाला. तू सांगितलंस म्हणून आम्ही दगड उचलले. "आते तू म्हनस खोटं. मंग आम्ही काय?"

मला तेव्हा उमगलं, की गावाला नानांचं खरं असणं किती गरजेचं होतं. नाना खोटे ठरले तर सगळेच त्या दिवसाचे वाटेकरी ठरत होते.

"तुम्ही माझं ऐकलं," नाना म्हणाले. "आता पुन्हा ऐकू नका. ह्या ताईंना विचारा, डॉक्टरला विचारा. ज्याला बघायचंय त्यानं गाडीत बसावं, मी यंत्रात दाखवतो. माझीच काच दाखवतो."

म्हातारा थुंकला आणि निघून गेला. त्याच्यामागून आणखी काही जण. बायका कुजबुजायला लागल्या. नाना पारावरून उतरले आणि गाडीजवळ जाऊन उभे राहिले. कोणीही पुढे येईना. मी खिशातल्या यादीत उगाच काहीतरी बघत राहिले.

तेव्हा भिंतीशी उभी असलेली धाकटी सून निघाली. पोर तिच्या खांद्यावर झोपलं होतं. त्या मोकळ्या जागेतून ती सरळ चालत आली, कोणाकडंही न बघता, आणि गाडीत चढून बाकड्याच्या मधोमध बसली. नानांनी दार लावायला हात घातला, पण लावलं नाही.

म्हातारी अजून पारापाशीच होती. तिनं एकदा गावाकडं पाहिलं, एकदा गाडीकडं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली. गाडीपर्यंत यायला तिला बराच वेळ लागला. दाराशी थांबून तिनं श्वास घेतला, आणि आत बघून सुनेला म्हणाली,

"सरक जराशी."